सुलोचनाबाईंनी सोडलेली चव

लाखनीच्या मिशन वसतिगृहात सुलोचनाबाई बारा वर्षं स्वयंपाकाला होत्या. त्यातली पहिली पाच वर्षं त्यांनी आपल्या हातचं एकही कालवण चाखून पाहिलं नाही. वरणात मीठ बरोबर पडलं का, हे बघायला त्या वसतिगृह सांभाळणाऱ्या निर्मलाबाईंना हाक मारायच्या, वाटीत थोडं काढून द्यायच्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहायच्या. मुलींमध्ये यावरून थट्टा चालायची. बाईंना स्वतःच्याच हातचं आवडत नाही, असं त्या म्हणायच्या. खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या नवऱ्यालाही नाही.

सुलोचनाबाईंचं माहेर आसगावचं. वडील यादोराव धानाची शेती करायचे. तरुणपणी ते ख्रिस्ती झाले होते, आणि गावात प्रभूचं नाव घेणारं ते एकच घर होतं. सुलोचनाची जीभ लहानपणापासून फार तल्लख. भाताचा एक घास तोंडात घेऊन ती सांगायची, हा तळ्याखालच्या बांधीतला, हा वरच्या मुरमाच्या शेतातला. शेजारपाजारचे लोक मुद्दाम वाटीत भात घेऊन यायचे आणि तिची परीक्षा बघायचे. ती सहसा चुकत नसे.

शेजारी बायजाबाई राहायच्या. मुलगा विषमज्वरातून उठावा म्हणून त्यांनी देवीपुढे वांगं सोडलं होतं, कायमचं. गल्लीत आणखी कुणी गूळ सोडला होता, कुणी मुळा. यादोराव घरात सांगायचे, आपल्यात नवस नसतो, आपला देव असं काही मागत नाही. सुलोचना दोन्ही ऐकत मोठी झाली. वडिलांचं तिला पटायचं. पण बायजाबाईंचा मुलगा खरोखरच उठून शाळेत जायला लागला होता, हेही तिनं पाहिलं होतं.

लग्न होऊन ती लाखनीला आली. केवळराम मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, इंजेक्शनच्या सुया उकळणं ही त्याची कामं. माणूस शांत, कमी बोलणारा. सत्तर साली त्यांना मुलगी झाली. तिचं नाव रूथ ठेवलं.

रूथ चार वर्षांची असताना, पावसाळा सरता सरता, तिचा घसा धरला. दोन दिवस साधा ताप वाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती श्वास ओढायला लागली तसा गळ्यातून करवतीसारखा आवाज येऊ लागला. केवळरामनं टॉर्च लावून तिच्या तोंडात पाहिलं आणि टॉर्च विझवला. घशात पांढुरका पडदा धरला होता. घटसर्प. तो धावत हमरस्त्यावर गेला, भंडाऱ्याकडे निघालेला तांदळाचा एक ट्रक त्यानं हात जोडून थांबवला, आणि तिघं ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली.

त्या ट्रकमध्ये रूथचं डोकं सुलोचनाबाईंच्या मांडीवर होतं. पोरीचे ओठ निळसर पडत होते. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतो की नाही, याची त्या वाट बघत होत्या, आणि मध्ये जी शांतता व्हायची ती त्यांना सहन होत नव्हती. त्या शांततेतच त्यांनी मनात म्हटलं, देवबापा, माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नाही. मला सगळ्यात मोठं सुख जिभेचं आहे, ते घे. आजपासून चवीसाठी म्हणून मी काही खाणार नाही. हिचा श्वास तेवढा चालू ठेव.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं आणि रूथ वाचली. अकराव्या दिवशी ती बापाच्या कडेवर बसून घरी आली. सुलोचनाबाईंनी स्वतःच्या ताटलीत बिनमिठाचा भात घेतला, वर पाणी ओतलं आणि खाल्ला. पहिले काही महिने त्यांना त्यात आनंदच होता. बेचव घास गिळताना त्यांना पोरीचा श्वास आठवायचा, आणि डोळे भरून यायचे. नवऱ्यानं विचारलं तर म्हणायच्या, पोट बरं नाही.

भीती नंतर शिरली. पुढच्या संक्रांतीला तिळाचे लाडू वळताना बोटाला लागलेला गूळ त्यांनी सवयीनं चाटला. बोट तोंडातून काढताच त्या जागच्या जागी थिजल्या. त्याच संध्याकाळी रूथचं अंग तापलं. सर्दीचा ताप होता, दोन दिवसांत उतरला. पण सुलोचनाबाईंच्या मनात त्या दिवशी एक गोष्ट कायमची बसली. कोणीतरी बघतो आहे. आपण विसरलो तरी तो विसरत नाही.

तेव्हापासून त्यांनी सोडलेल्या गोष्टी वाढतच गेल्या. जिभेचं सोडलं, तर नाकाचं कसं चालेल, असं त्यांना वाटू लागलं. फोडणीचा वास आला की त्या पदराचं टोक नाकाशी धरायच्या. मोगरा माळणं बंद केलं. उन्हाळ्यात पाडाचे आंबे घरात आले की त्या अंगणात जाऊन बसायच्या. रात्री गार वारा सुटला आणि अंगाला बरं वाटलं तरी त्या दचकायच्या, हे चालतं का म्हणून. केवळराम स्वतः दवाखान्यात काम करणारा. त्याला वाटलं हिला काहीतरी मोठा आजार आहे. त्यानं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांना साखरेचं कवच होतं. सुलोचनाबाई ते पाण्यात विरघळवून टाकायच्या आणि मग आतली कडू गोळी घ्यायच्या.

सत्याहत्तर साली वसतिगृहाची स्वयंपाकीण गेली आणि ते काम त्यांच्याकडे आलं. रोज तीस मुलींचं रांधायचं आणि त्यातलं काही चाखायचं नाही. त्यांना ते बरंच वाटलं. आपलं वचन आता अधिक कडक झालं, म्हणजे रूथ अधिक सुखरूप, असा त्यांचा हिशेब होता.

सगळ्यात अवघड होता महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. लाखनीत द्राक्षाचा रस कुठून मिळणार, म्हणून पाळकसाहेबांच्या घरी मनुका उकळून त्याचं पाणी काढत. ते दाट आणि गोड व्हायचं. तो छोटा पेला सुलोचनाबाई ओठाला लावायच्या. तोंडभर गोडवा पसरायचा आणि शेजारच्या बाकावर रूथ बसलेली असायची. एकीकडे प्रभूची आज्ञा, दुसरीकडे प्रभूलाच दिलेलं वचन. त्या तो घोट जिभेला लागू न देता गिळायचा प्रयत्न करायच्या. ते जमत नसे. शेवटी एकोणऐंशी सालापासून त्यांनी पहिल्या रविवारी चर्चला जाणंच सोडलं. घरी बसून त्या रडायच्या, आणि हे आपण कोणत्या देवासाठी करतो आहोत हा प्रश्न मनात आला की घाबरून तो दाबून टाकायच्या.

चर्चच्या मागच्या खोलीत आनंदाबाई राहायच्या. त्या जुन्या बायबलबाई. तिकडे बपेऱ्यापासून इकडे लाखनीपर्यंत गावोगाव पायी फिरून त्यांनी बायांना शास्त्र वाचून दाखवलं होतं. आता पंचाहत्तरी उलटली होती. कोणाच्या घरी कोणतं लोणचं चांगलं मुरतं, हे त्यांना अजून पाठ होतं. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात त्यांना गिळायला त्रास होऊ लागला. नागपूरला तपासून आणलं, तर अन्ननलिकेत गाठ निघाली. या वयात काही करण्यासारखं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीपर्यंत त्यांच्या गळ्याखाली पातळ पेजेशिवाय काही उतरेनासं झालं. रोज दुपारी ती पेज नेऊन द्यायचं काम सुलोचनाबाईंकडे आलं.

एके दिवशी आनंदाबाईंच्या उशाशी कोणीतरी ठेवलेली सीताफळं होती. पिकून फुटायला आलेली. आनंदाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सुलोचनाबाईंना एक उचलायला सांगितलं.

"मले गिळता येत नाई, पण आयकता येते," त्या म्हणाल्या. "तू खा, अन् मले सांग कसं लागते ते."

 मला सीताफळ बाधतं, असं काहीतरी सांगून सुलोचनाबाई निघून आल्या. दुसऱ्या दिवशी आनंदाबाईंनी पेरूचं विचारलं. त्यांनी पुन्हा काहीतरी कारण सांगितलं. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी आनंदाबाईंनी फळाचं नावच काढलं नाही. त्यांनी विचारलं, तू पहिल्या रविवारी प्रभूच्या मेजाशी काहून येत नाहीस. आणि सुलोचनाबाई, ज्यांनी आठ वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, त्या खाटेच्या दांडीला धरून खाली बसल्या आणि सगळं बोलल्या. ट्रक, निळे ओठ, गूळ, ताप, सगळं.

 आनंदाबाईंनी विचारलं, "हे तू त्याले म्हटलं. त्यानं तुले म्हटलं का, हो, मले हे पायजे?"

"तो कसा म्हणन? पण पोरगी तं वाचली ना, मावशी."

"वाचली. माह्ये दोन लेकरं नाई वाचले. तवा मी काय खाल्लं होतं, ते सांग मले."

 आनंदाबाईंची दोन मुलं एकाच आठवड्यात पटकीनं गेली होती, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. त्यानंतरही ही बाई तीस वर्षं गावोगाव देव चांगला आहे असं सांगत फिरली, आणि ज्या घरी जाईल तिथं मिटक्या मारत जेवली. सुलोचनाबाईंनी उशाशी कोणीतरी नव्यानं आणून ठेवलेलं सीताफळ फोडलं. अर्धा गर मांडीवर सांडला. त्यांनी एक पाकळी तोंडात ठेवली. आठ वर्षांनी. ती साखरेसारखी विरघळली, मध्ये थोडी रवाळ लागली, आणि त्यांना रडूच आलं.

"सांग," आनंदाबाई म्हणाल्या.

 थंडीच्या सकाळी पहिल्या धारेचं दूध लागते तसं, एवढंच त्या म्हणाल्या. आनंदाबाईंनी डोळे मिटले आणि त्यांचा गळा हलला, जणू तो घास त्यांनीच गिळला.

त्या दिवशी रूथ घरी नव्हती. शाळेच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी बारा मुली भाड्याच्या मेटॅडोरनं साकोलीला गेल्या होत्या. चार वाजता परत यायच्या होत्या. साडेचार वाजले तरी गाडी आली नाही. पाच वाजता एका ट्रकवाल्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं की साकोलीच्या वाटेवरच्या नाल्याजवळ मेटॅडोर उलटली आहे, त्यात पोरी होत्या. सुलोचनाबाई अनवाणी हमरस्त्यावर धावल्या. किती धावल्या त्यांना कळलं नाही. तोंडात अजून सीताफळाची गोडी होती. ती जावी म्हणून त्या धावता धावता थुंकत होत्या.

कोणी दगावलं नव्हतं. तीन मुलींना मार लागला होता, त्यात रूथचा उजवा हात कोपराजवळ मोडला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला प्लास्टर घातलं. रूथ डोळे मिटून पडली होती. तिच्या खाटेशेजारी, वॉर्डात इतकी माणसं असताना, सुलोचनाबाईंनी केवळरामचा हात धरला आणि म्हणाल्या, "हे माह्यामुळं झालं. मी खाल्लं म्हणून झालं." आणि त्यांनी त्यालाही सगळं सांगितलं. केवळराम ऐकत राहिला. आठ वर्षं ज्या आजाराचं नाव त्याला सापडत नव्हतं ते आज सापडलं होतं, आणि त्यावर बांधायला त्याच्याकडे पट्टी नव्हती. त्यानं फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

रूथ झोपलेली नव्हती.

घरी आल्यावर सुलोचनाबाई पुन्हा बिनमिठाच्या भातावर आल्या, तोही पूर्वीपेक्षा कमी. आनंदाबाईंची पेज त्या निर्मलाबाईंच्या हाती पाठवू लागल्या. त्या खोलीकडे बघायचीही त्यांना भीती वाटत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की रूथच्या ताटातलं वरण तसंच राहतं. चटणी तशीच राहते. पोरगी डाव्या हातानं नुसता कोरडा भात चिवडते आणि दोन घास खाऊन उठते. त्यांना वाटलं, हात दुखत असेल. भरवायला गेल्या तर रूथनं तोंड बाजूला केलं.

"काहून वं? काय झालं?"

"तू माह्यासाठी सोडलं," रूथ म्हणाली. "मी तुह्यासाठी सोडते. नाई तं तुले काही होईन."

ती बारा वर्षांची होती. तिचा आवाज लहान झाला होता, आणि हे बोलताना ती आईकडे न बघता वर, छपराकडे बघत होती, तिथं कोणी ऐकत असल्यासारखी. सुलोचनाबाईंनी ती नजर ओळखली. ती त्यांचीच होती. आठ वर्षं जी भीती आपण एकटीनं छातीत बाळगली ती पोरीला झाली आहे, आणि तिच्यातून तिला बाहेर काढायला भंडाऱ्यात कुठलं इंजेक्शन मिळत नाही, हे त्यांना एका क्षणात कळलं. ट्रकमध्ये वाटली होती त्याहून मोठी भीती त्यांना त्या वेळी वाटली.

त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं. वरण घेतलं, त्यावर तेलातली जवसाची चटणी घेतली, आणि रूथच्या समोर मांडी घालून बसल्या. पहिला घास उचलला तेव्हा रूथनं त्यांचं मनगट धरलं. खाऊ नको, असं ती डोळ्यांनी म्हणत होती. सुलोचनाबाईंनी घास तोंडात घातला. जवसाचा भाजका वास नाकात चढला, मीठ जिभेला झोंबलं.  त्यांनी तो चावून गिळला.

"आता तू," त्या म्हणाल्या.

मायलेकी एकमेकींकडे बघत, भीत भीत, ते सगळं ताट जेवल्या. बाहेर काही झालं नाही. रस्त्यावरून ट्रक जात राहिले. त्या दिवसभर सुलोचनाबाई रूथच्या मागे मागे फिरल्या, तिच्या कपाळाला हात लावत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच जेवल्या. तिसऱ्या दिवशी रूथनं स्वतःहून मीठ मागितलं.

आठवड्यानं त्या पेज घेऊन आनंदाबाईंकडे गेल्या. म्हातारी फार आटली होती. तिनं सुलोचनाबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"त्या दिवशी मीबी भेली," आनंदाबाई म्हणाल्या. "मेटॅडोरचं आयकलं अन् मले वाटलं, माह्याच सांगण्यानं झालं का काय. रातभर झोपली नाई."

हे ऐकून सुलोचनाबाईंना जितका धीर आला तितका कोणत्याही प्रवचनानं आला नव्हता. ज्या बाईला आपण निर्भय समजत होतो तीही घाबरली होती.

"मंग आता, मावशी?"

"आता काय. लेकरू बापाले भेलं का कोपऱ्यात बसते. बाप ताट वाढून बसला रायते. मी जाऊन त्याच्या ताटाजवळ बसली, बापा. भेतभेतच बसली. तूबी बस."

मग पुढचे तीन महिने हे रोज चाललं. सुलोचनाबाई काहीतरी घेऊन जायच्या. नवा चिन्नोर भात, वाफ निघतेय असा. शेकोटीत भाजलेल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. तळ्यातल्या मासोळीचं तिखट कालवण. मिठाशी उकडलेले शिंगाडे. एक घास खायच्या आणि सांगायच्या. सुरुवातीला दोन शब्द सुचायचे, नंतर वाक्यंच्या वाक्यं येऊ लागली. चिन्नोरचा वास पहाटे धानाच्या बांधीवर उभं राहिलं की येतो तसा, पण गरम. शिंगाडा आधी पिठूळ, मग गोड, मग तळ्याच्या पाण्याची थंड चव. आनंदाबाई मध्येच अडवायच्या, नाई, अजून सांग, घशाशी गेल्यावर कशी लागते ते सांग. आणि शेवटी दर वेळी म्हणायच्या, "आता आभार मान."

जेवणाआधी प्रार्थना करायची सवय सगळ्याच घरांत होती. आनंदाबाईंचं म्हणणं असं की तेव्हा अजून काय मिळालं तेच ठाऊक नसतं. चव घ्या, मग बोला. सुलोचनाबाई बोलायच्या. प्रभू, या मासोळीच्या तिखटासाठी. प्रभू, हा पेरू आतून लाल निघाला त्यासाठी. प्रभू, गार वाऱ्यासाठी.  आपण काहीतरी मोडतो आहोत, असं त्यांना दर वेळी अजून वाटायचं. पण त्या लहानशा खोलीत, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, तोंडात चव असताना त्यांना देव जितका जवळ वाटला तितका आठ वर्षांच्या उपासात कधी वाटला नव्हता. हे त्यांनी एकदा केवळरामला सांगितलं. तो म्हणाला, मलाही तुझ्याबरोबर जेवायला बरं वाटतं. त्याच्या दृष्टीनं ते फार बोलणं झालं.

फेब्रुवारीत आनंदाबाई गेल्या. शेवटचे काही दिवस त्यांना ऐकूही नीट येत नव्हतं. तरी सुलोचनाबाई त्यांच्या कानाशी बोलत राहिल्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या रूथला घेऊन चर्चला गेल्या आणि मनुकांच्या पाण्याचा तो पेला त्यांनी सावकाश, जिभेवर घोळवून घेतला.  थोडं पाणी साडीवर सांडलं. पाळकसाहेबांनी नजर दुसरीकडे वळवली.

वसतिगृहातल्या जेवणाला तेव्हापासून वेगळीच चव आली, हे मुलींनाही कळलं. निर्मलाबाईंना चव बघायला हाक मारायची गरज उरली नाही. सुलोचनाबाई पळीनं वरण हलवायच्या, तळहातावर थेंब घेऊन चाटायच्या, आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायच्या. त्या अजून घाबरट होत्या. रूथला साधी सर्दी झाली तरी काल आपण काय खाल्लं ते त्यांना आधी आठवायचं. ही खोड गेली नाही. त्या कोणाला गेली असं सांगतही नसत.

सत्याऐंशी साली रूथ नर्सिंगच्या शिक्षणासाठी नागपूरला गेली. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं. एकदा दोन आठवडे आलं नाही. केवळराम म्हणाला, परीक्षा असेल. सुलोचनाबाई रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभ्या राहायच्या. सोळाव्या दिवशीही त्या रिकाम्या हातानं परत आल्या. चुलीवर आंबाडीची भाजी होती, आंबट, लसणाची फोडणी घातलेली. त्या चुलीपुढे बसल्या. घास उतरेल असं वाटत नव्हतं. त्यांनी ताट वाढलं, केवळरामला हाक मारली, आणि पहिला घास खाऊन झाल्यावर डोळे मिटून आंबाडीचे आभार मानले.

पत्र गुरुवारी आलं. रूथनं लोणचं मागवलं होतं.